कालव्याचे दप्तर

रुडकी शहराच्या कडेने सोलानी नावाची एक नदी वाहते. उन्हाळ्यात तिचे पात्र इतके क्षीण होते की तिला नदी म्हणावे की ओढा, असा प्रश्न पाहणाऱ्याला पडावा. पावसाळ्यात मात्र शिवालिक टेकड्यांचे पाणी पोटात घेऊन ती दोन्ही काठ व्यापून टाकते. या नदीच्या डोक्यावरून दुसरी एक नदी वाहते, आणि ती माणसाने आणलेली आहे. प्रत्येकी ५० फूट गाळ्याच्या १५ कमानी, त्यांवर पाण्याचा रुंद मार्ग आणि दोन्ही टोकांना पहाऱ्याला बसविलेले दगडी सिंह, असा हा जलसेतू आहे. हरिद्वारला गंगेतून काढलेल्या कालव्याचे पाणी त्यावरून सोलानी ओलांडते आणि दक्षिणेकडे जाते. या कालव्याचे उद्घाटन ८ एप्रिल १८५४ रोजी झाले.

पाहणाऱ्याच्या डोळ्यांत कमानी भरतात, सिंह भरतात. परंतु या सेतूचे खरे बळ नदीच्या वाळूखाली आहे. तेथे पक्क्या बांधकामाचे, २० फूट लांब, २० फूट रुंद आणि तितकेच खोल असे ठोकळे असून, प्रत्येकात चार पोकळ्या ठेवल्या आहेत. या पोकळ्यांतील वाळू उपसत उपसत तो अवजड ठोकळा स्वतःच्या भारानेच खाली उतरविण्यात आला. विहिरीचे बांधीव कडे वाळवट जमिनीत उतरविण्याची जी जुनी देशी रीत, तीच येथे मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. ही सर्व हकीकत आज ठाऊक आहे ती कोणी नदीचे पात्र उकरून पाहिले म्हणून नव्हे. बांधणाऱ्यांनी ती बांधकामाच्या वेळीच लिहून ठेवली आणि पुढच्यांनी तो लेख जपून ठेवला, म्हणून ती ठाऊक आहे. उद्या एखादा खांब खचू लागला तर दुरुस्तीला निघालेला अभियंता प्रथम नदीकडे जाणार नाही. तो दप्तराकडे जाईल.

कालव्याच्या बाबतीत ही गोष्ट इतर कोणत्याही इमारतीपेक्षा अधिक खरी आहे. देऊळ, किल्ला किंवा वाडा हा स्वतःच आपला पुरावा असतो. त्याची भिंत मोजता येते, दगड तपासता येतो. कालवा मात्र बव्हंशी मातीचा असतो, आणि माती स्थिर राहत नाही. पाणी वेगाने वाहिले तर तळ खरवडला जातो. मंद वाहिले तर गाळ साचून तळ वर येतो. काठ ढासळतात, त्यांवर झाडे उगवतात, दर वर्षी दुरुस्ती होते. पन्नास वर्षांनी जो कालवा दिसतो तो मूळचा कालवा राहिलेला नसतो. मूळ तळ किती खोल होता, उतार किती ठेवला होता, कोणत्या ठिकाणी जमीन कापून पाणी नेले आणि कोणत्या ठिकाणी भराव घालून, हे प्रश्न कालव्याला विचारून त्याचे उत्तर मिळत नाही. त्यातही कालव्याचा सारा खेळ बारीक मापांवर चालतो. मैलाला एक फूट उतार म्हणजे ५,२८० फुटांत एक फूट. एवढा फरक उघड्या डोळ्यांना दिसतच नाही. पाण्याला मात्र तो तत्काळ कळतो. जे डोळ्यांना दिसत नाही ते कागदावर असले पाहिजे. म्हणून कालव्याचे दप्तर हा कालव्याचाच एक अवयव समजावा लागतो.

ही जाणीव फार जुनी आहे. यमुनेचे पाणी हांसी-हिसारकडे नेणारा कालवा फिरोजशहा तुघलकाने १४ व्या शतकात काढला. पुढे तो गाळाने बुजला आणि अकबराच्या काळापर्यंत त्याचे पात्र ओळखणेही कठीण झाले. १५७० च्या सुमारास अकबराने एक सनद काढून तो पुन्हा खोदण्याची आज्ञा केली. या सनदेत नुसता हुकूम नाही. पाणी पूर्वी कोणी आणले, कोठवर वाहत असे, किती वर्षांपासून बंद पडले आणि कोणत्या गावाच्या हद्दीपलीकडे ते जात नाहीसे झाले, याचा वृत्तान्त तीत आहे. दोन्ही काठांना छायेची आणि फुलांची झाडे लावावीत, असेही तीत सांगितले आहे. तिचा इंग्रजी तर्जुमा हेन्री यूल या तरुण लष्करी अभियंत्याने केला आणि बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात तो १८४६ साली प्रसिद्ध झाला. यूल त्या वेळी उत्तर हिंदुस्थानातील कालव्यांवरच काम करीत होता. तीन शतकांपूर्वीचे एक फर्मान चालू कामावरील माणसाला वाचावेसे वाटले, यातच जुन्या कागदाचे मोल दिसून येते.

महाराष्ट्रात याच्या उलट अनुभव येतो. मलिक अंबराने १७ व्या शतकाच्या आरंभी खडकीस, म्हणजे पुढील औरंगाबाद आणि आजच्या छत्रपती संभाजीनगरास, जमिनीखालून पाणी आणले, ती नहर-ए-अंबरी. नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, १८ व्या शतकाच्या मध्यास, कात्रजच्या तलावाचे पाणी बांधीव नळाने पुण्यात आणण्यात आले. दोन्ही कामे कौशल्याची होती आणि दोन्ही दीर्घकाळ उपयोगी पडली. परंतु शहरे वाढली, वर घरे आणि रस्ते झाले, आणि खालचा मार्ग लोकांच्या स्मरणातून गेला. पाया खणताना किंवा रस्ता उकरताना एखादा उच्छ्वास, एखादा हौद अवचित उघडा पडतो, तेव्हा त्याची आठवण होते. वरच्या घराचा धनी आणि खालच्या नळाचा दगड यांची ओळख करून देणारा नकाशा मधे नसला, की असेच व्हावयाचे.

गंगेच्या कालव्याचे भाग्य वेगळे. त्याचा कर्ता प्रोबी कॉटली हा तोफखान्यातील अधिकारी होता. अभियांत्रिकीचे रीतसर शिक्षण त्याला मिळालेले नव्हते. ते त्याने पूर्व यमुना कालव्यावर काम करता करता मिळविले. जुन्या अस्थींचा त्याला छंद होता. शिवालिक टेकड्यांतील अश्मीभूत प्राण्यांच्या संशोधनाबद्दल ह्यू फाल्कनर याच्यासमवेत त्याला १८३७ साली लंडनच्या भूगर्भशास्त्र संस्थेचे वोलॅस्टन पदक मिळाले होते. मातीतून मिळालेला प्रत्येक तुकडा कोठे, किती खोल, कशाच्या शेजारी सापडला हे टिपून ठेवण्याची ज्याला सवय, त्याच्या हाती कालव्याचे काम आले, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

१८३७-३८ च्या भीषण दुष्काळात गंगा-यमुनांच्या दुआबात लक्षावधी माणसे मेली. त्यानंतर गंगेच्या कालव्याच्या कल्पनेला जोर आला. आरंभीची पाहणी कॉटलीने स्वतः घोड्यावरून आणि पायी हिंडून केली. महिनेच्या महिने पातळ्या घेतल्या. १८४२ साली कामास प्रारंभ झाला, पण वाट सरळ नव्हती. एका गव्हर्नर-जनरलला शेतीच्या पाण्यापेक्षा नौकानयनाचे महत्त्व अधिक वाटले, दुसऱ्याच्या कारकिर्दीत युद्धांनी पैसा खाल्ला, आणि १८४५ साली कॉटली रजेवर विलायतेस गेल्यावर काही वर्षे दुसऱ्याच अधिकाऱ्याने काम पाहिले. अशा कामात दप्तर नसते तर प्रत्येक बदलानंतर पहिल्यापासून आरंभ करावा लागला असता. नवा अधिकारी आला, त्याने नकाशे आणि पातळ्यांच्या वह्या उघडल्या आणि काम जेथे थांबले होते तेथून पुढे चालू झाले. याच कामासाठी लागणारी माणसे तयार करण्याकरिता १८४७ साली रुडकीला अभियांत्रिकी विद्यालय निघाले. आजची तेथील आय. आय. टी. ही त्याचीच वारस होय.

हरिद्वारपासून रुडकीपर्यंतचा सुमारे वीस मैलांचा टप्पा सर्वांत अवघड होता. डोंगरातून उतरणारे चार उद्दाम प्रवाह कालव्याला आडवे येतात, आणि चौघांचा बंदोबस्त एका उपायाने होण्यासारखा नव्हता. रानीपूर आणि पथरी येथील प्रवाह पुलासारख्या बांधकामावरून कालव्याच्या माथ्यावरून नेले आहेत. धनौरीला रतमऊ नदी आणि कालवा एकाच पातळीवर परस्परांना छेदतात आणि दरवाजांच्या साहाय्याने पुराचे पाणी बाजूला काढून दिले जाते. सोलानीला मात्र कालवाच नदीच्या डोक्यावरून जातो. कोठे कोणता उपाय का निवडला, हे नुसत्या बांधकामाकडे पाहून समजत नाही. ती कारणे कॉटलीने कालव्यावरील आपल्या विस्तृत अहवालात सांगितली आहेत. निवृत्तीनंतर लंडनहून १८६० साली प्रसिद्ध झालेल्या या अहवालाचे तीन खंड असून, नकाशांचा मोठा संग्रह त्यासोबत निराळा आहे.

असा छापील अहवाल हे दप्तराचे शिखर झाले. त्याचा पाया मात्र साध्या, मळक्या, हाताळून झिजलेल्या कागदांचा असतो. त्यांत पहिली येते ती पातळीवही. ज्ञात उंचीच्या एका पक्क्या खुणेपासून आरंभ करून दुर्बिणीच्या यंत्राने पुढील प्रत्येक ठिकाणाची उंची तीत उतरविलेली असते. या खुणेचा दगड हरवला की वहीतील सारे आकडे निराधार होतात. हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय पाहणीने समुद्रपातळीपासून देशभर उंची नेण्याचे काम १८५८ साली कराचीहून सुरू केले. त्यापूर्वीच्या कालव्यांची उंची बहुधा स्थानिक खुणेवरच अवलंबून असे. त्यानंतर येतात ते नकाशे: वरून पाहिल्यासारखा मार्गाचा नकाशा, लांबीच्या दिशेने घेतलेला छेद आणि ठिकठिकाणचे आडवे छेद. मग अंदाजपत्रक आणि त्यावरील मंजुरीचा पत्रव्यवहार. जमीन संपादनाचे कागद निराळेच.

या सर्वांत खडतर शिस्तीचे पुस्तक म्हणजे मोजणीवही, बांधकाम खात्याच्या बोलीतील मेजरमेंट बुक. किती खोदाई झाली, किती भराव पडला, किती दगडकाम झाले याची प्रत्यक्ष जागेवर घेतलेली मापे तीत असतात, आणि मक्तेदाराचे पैसे तीवरूनच चुकते होतात. तिची पाने छापील क्रमांकाची असतात, नोंद शाईने करावयाची, खाडाखोड करावयाची नाही. चूक झाली तर आकडा वाचता येईल अशा बेताने त्यावर रेघ मारून बाजूला नवा आकडा लिहावयाचा आणि त्यापुढे सही करावयाची. हा नियम हिशेबासाठी केलेला आहे. पण इतिहासाच्या अभ्यासकालाही याहून चांगला नियम सुचला नसता. चूक पुसली गेली नाही म्हणूनच पुढच्या माणसाला ती पाहता येते. शेवटी, काम पुरे झाल्यावर काढलेला नकाशा. कारण जसे योजले तसेच काम क्वचितच होते. मधेच खडक लागतो, झरा फुटतो, शेतकऱ्याची विहीर आड येते, आणि मार्ग दहा हात बाजूला सरकतो. योजनेचा नकाशा आणि झालेल्या कामाचा नकाशा यांत जो भेद समजत नाही, त्याला कालव्याचे दप्तर वाचता आले असे म्हणता येणार नाही.

लिहून ठेवलेल्या चुकीचा उपयोग किती मोठा असतो, हे गंगेच्या कालव्यानेच दाखवून दिले. पाणी सुरू झाल्यावर थोड्याच वर्षांत असे दिसून आले की कालव्याचा उतार हवा त्यापेक्षा काहीसा अधिक पडला आहे. पाण्याचा वेग वाढून तळ खरवडला जाऊ लागला, आणि पाणी खालच्या पातळीवर उतरविण्यासाठी बांधलेल्या धबधब्यांच्या पायथ्याशी हानी होऊ लागली. गोदावरीवर दवलेश्वरमचा बंधारा बांधून कीर्ती मिळविलेले सर आर्थर कॉटन यांनी या कालव्यावर कठोर टीका केली. उतार चुकला, आणि कालव्याचे मुखही अधिक खाली घ्यावयास हवे होते, असे त्यांचे म्हणणे. कॉटलीने त्यास उत्तर दिले, प्रत्युत्तरे झाली आणि १८६० नंतरची काही वर्षे हा वाद चांगलाच गाजला.

दोन नामांकित माणसांचा असा वाद नुसत्या कीर्तीवर लढविला गेला असता, तर त्याचा निकाल लागला नसता. परंतु कॉटलीने आपली मापे, आपले हिशेब आणि आपली गृहीतके छापून उघडी केली होती. टीकाकारांना शस्त्रे मिळाली ती त्याच्याच भांडारातून! पुढे क्रॉफ्टन या अभियंत्याने कालव्याची पुन्हा तपासणी केली आणि उतार सुधारण्याची कामे हाती घेण्यात आली. हरिद्वारचे मुख मात्र होते तेथेच राहिले. खालच्या भागासाठी नरोरा येथून निराळा कालवा काढण्यात आला, तो १८७८ साली सुरू झाला. कॉटलीने आपले आकडे झाकून ठेवले असते तर त्याची काही काळ अब्रू राहिली असती. कालव्याची मात्र राहिली नसती.

येथवरचा लाभ एका कालव्यापुरता झाला. त्यापुढील लाभ शास्त्राचा आहे. पंजाबातील अपर बारी दुआब कालवा १८५९ साली सुरू झाला होता. त्यावरील आर. जी. केनेडी या अभियंत्याने साधा प्रश्न केला: कालव्याच्या काही भागांत गाळही साचत नाही आणि तळही खरवडत नाही, ते भाग कोणते आणि का? मूळचे आडवे छेद आणि पुढील वर्षांतील स्थिती यांचा ज्याला ताळा घालता येतो, त्यालाच या प्रश्नाचे उत्तर शोधता येते. केनेडीने असे स्थिर भाग निवडले, त्यांतील पाण्याची खोली आणि वेग यांचा संबंध बसविला आणि १८९५ साली तो प्रसिद्ध केला. पुढे १९३० साली जेरल्ड लेसी याने अशाच नोंदींच्या आधारे तो विचार अधिक व्यापक केला. जगभरच्या अभियांत्रिकी विद्यालयांत शिकविली जाणारी ही सूत्रे अशा प्रकारे हिंदी कालव्यांच्या दप्तरांतून जन्मास आली आहेत. कोणा अज्ञात ओव्हरसियरने भर उन्हात उभे राहून घेतलेले माप खोटे असते, तर त्यावरील सूत्रही खोटे ठरले असते.

दख्खनच्या कालव्यांचे दप्तर वाचताना मात्र निराळी दृष्टी ठेवावी लागते, कारण त्यांतील कित्येक कामे दुष्काळाच्या पोटी जन्मली. नीरा डावा कालवा १८७६-७७ च्या दुष्काळात दुष्काळी काम म्हणून सुरू झाला. अशा कामाच्या हजेरीपटात किती पुरुष, किती बायका, किती मुले कामावर आली आणि त्यांना काय दिले, याचे आकडे मिळतात. परंतु हे आकडे मुके असतात. जानेवारी १८७७ मध्ये सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणाने पुरुष मजुराची रोजी एक पौंड धान्य आणि एक आणा इतकी खाली आणली गेली, तेव्हा मुंबई इलाख्यात हजारो मजूर कामे सोडून निघून गेले. एखाद्या हजेरीपटात त्या सुमारास संख्या एकाएकी घसरलेली आढळली, तर दुष्काळ हटला असा तर्क करणारा फसेल. तो पट पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्या काळी गोळा केलेल्या जिल्ह्याजिल्ह्यांच्या हकीकतींशेजारी ठेवून वाचावा लागतो. तेव्हा कोठे त्या घसरलेल्या आकड्याला उपाशी माणसाचा चेहरा येतो.

दप्तरात आणखी एक मोठी उणीव असते, आणि ती जवळजवळ सर्व कालव्यांना लागू आहे. अभियंत्यांची नावे मिळतात, मक्तेदारांची मिळतात. ज्यांनी माती वाहिली त्यांची मिळत नाहीत. उत्तरेकडील ओड आणि महाराष्ट्रातील वडार या मातीकामात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेल्या जमाती. त्यांच्या कुदळीवाचून हे कालवे झाले नसते, परंतु घनफुटांच्या हिशेबात त्यांचे श्रम विरघळून गेले आहेत. कालव्याचा इतिहास लिहिणाऱ्याने दप्तरात काय आहे हे जसे पाहावे, तसे काय नाही हेही टिपून ठेवावे.

पाणी आले म्हणजे कालव्याची हकीकत संपली, असेही नाही. नीरेच्या काठी पाणी आले, ऊस आला, आणि काही वर्षांनी काही जमिनी पाणथळ व खारवट होऊ लागल्या. हा रोग हळूहळू चढतो. विहिरींतील पाण्याची पातळी वर्षानुवर्षे टिपून ठेवल्यावाचून त्याची चाल लक्षात येत नाही. शेतीला पाणी देण्याच्या पद्धतीतच सुधारणा करण्यासाठी मुंबई सरकारने १९१६ साली एक खास पाटबंधारे विभाग स्थापन केला. पुण्याजवळ खडकवासल्याला असलेली जल व विद्युत संशोधनाची केंद्रीय संस्था ही त्याच विभागातून वाढली आहे.

त्याच १९१६ साली हरिद्वारला घडलेली एक गोष्ट दप्तराची आणखी एक बाजू दाखविते. भीमगोड्याजवळ कालव्याच्या मुखाशी सरकारने नवी कायमची कामे हाती घेतली, तेव्हा हर की पौडीवर येणारा गंगेचा प्रवाह अडेल अशी धास्ती लोकांना वाटू लागली. पंडित मदनमोहन मालवीय यांच्या पुढारीपणाखाली चळवळ झाली. अखेर डिसेंबर १९१६ मध्ये प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर मेस्टन, अनेक संस्थानांचे अधिपती आणि हिंदू समाजाचे प्रतिनिधी यांची परिषद भरून लेखी करार झाला. बंधाऱ्यात एक मार्ग कायम मोकळा ठेवून पाणी वाहते ठेवावे आणि पुढे कधी हिंदू समाजाशी विचारविनिमय केल्यावाचून गंगेचा अखंड प्रवाह थांबवू नये, असे त्यात ठरले. ज्या सरकारने तो केला ते सरकार गेले. करार मात्र अद्यापि पुढे केला जातो. बांधकामाच्या कागदांत बांधणाऱ्याने दिलेले वचनही असते, आणि ते वचन कोणत्या बांधाविषयी, कोणत्या दाराविषयी दिले, हे दाखविण्यास नकाशाच लागतो.

अगदी अलीकडे याच प्रवाहावरून पुन्हा वाद उद्भवला. २०१६ साली उत्तराखंड राज्याच्या एका आदेशाने हर की पौडीवरून वाहणाऱ्या धारेस कालव्याची जादा पाणी सोडण्याची वाट ठरविण्यात आले. नदीकाठच्या बांधकामांवर निर्बंध होते. नदीच कागदोपत्री कालवा झाली की ते निर्बंध सैल होणार होते. पुरोहित आणि भाविक यांनी याला विरोध केला आणि २०२० साली तो आदेश मागे घेण्यात आला. पाणी तेच, घाट तोच. एका शब्दाने काय बदलू शकते, हे त्या चार वर्षांत सर्वांनी पाहिले.

आता प्रश्न असा की, शेकडो मैलांच्या कालव्याचे दीडशे वर्षांचे कागद सांभाळावे तरी कसे? कागद मुळात एके ठिकाणी नसतात. गंगेच्या कालव्याचे मुख आज उत्तराखंडात आहे आणि त्याचे पाणी पिणारी शेते बहुतांशी उत्तर प्रदेशात. काही कागद प्रांतिक कचेरीत, काही दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, काही लंडनला. दख्खनच्या कालव्यांचेही तसेच. मुंबई इलाखा गेला, १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले, खात्यांची नावे बदलली, पुढे पाटबंधारे महामंडळे आली. प्रत्येक बदलाच्या वेळी कपाटे हलतात, आणि कपाट हलले की दोन बासने गहाळ होतात.

या गोंधळातून वाट काढण्याचे मुख्य साधन म्हणजे कालव्याची लांबी. मुखापासून इतके मैल, इतके फर्लांग, हा कालव्यावरील प्रत्येक मोरीचा, पुलाचा आणि दाराचा पत्ता असतो. कागद कोणत्याही कचेरीत असो, त्यावर हा पत्ता असेल तर त्याची जागा सूचीत ठरते. परंतु येथेही सावध राहावे लागते. मार्ग सुधारला की मैल सरकतात. मैलांचे किलोमीटर झाले की जुने दगड नव्या वहीशी जुळत नाहीत. एकाच पुलाला गावकरी एका नावाने ओळखतात आणि खाते दुसऱ्या. म्हणून चांगल्या सूचीत प्रत्येक कामापुढे जुना पत्ता, नवा पत्ता, सर्व नावे, माप कोणत्या पद्धतीचे, उंची कोणत्या खुणेपासून घेतलेली आणि कागद मूळ योजनेचा की झालेल्या कामाचा, इतक्या गोष्टी दिलेल्या असतात. कोणता कागद कोणत्या कागदाने रद्द झाला हे लिहिणे फार अगत्याचे. रद्द झालेला नकाशा मात्र फाडावयाचा नसतो. त्यावर तसा शेरा मारून तो जपावयाचा असतो.

हल्ली यंत्राने कागदाची प्रतिमा घेऊन ती संगणकात ठेवता येते, आणि जुना नकाशा उपग्रहाने घेतलेल्या चित्रावर बसवून बुजलेल्या चारीची रेषाही शोधता येते. ही सोय मोठी आहे. पण सूचीवाचून घेतलेल्या दहा हजार प्रतिमा म्हणजे संगणकातील अडगळ. शिवाय मूळ कागदाच्या पाठीवरील शेरा, पेन्सिलीची फिकट रेघ, निळ्या नकाशावरील उडत चाललेला आकडा प्रतिमेत उतरेलच असे नाही. म्हणून मूळ कागद जपलाच पाहिजे. केंद्र सरकारच्या कागदांविषयी १९९३ साली आणि महाराष्ट्रातील कागदांविषयी २००५ साली सार्वजनिक अभिलेखांचे कायदे झाले. कायद्याने कागदाला मोल आले. त्याला वाळवीपासून वाचविण्यास मात्र कोणा एका कारकुनाची आस्थाच लागते.

या साऱ्याचा शहरातील माणसाशी काय संबंध, असे कोणास वाटेल. पुण्याचा मुठा उजवा कालवा १९ व्या शतकातील. तो काढला तेव्हा त्याच्या काठी शेते आणि माळ होते. आज तो भर वस्तीतून जातो. २७ सप्टेंबर २०१८ रोजी पर्वतीच्या पायथ्याशी या कालव्याची भिंत फुटली आणि दांडेकर पुलाच्या परिसरातील शेकडो घरांत भर दिवसा पाणी शिरले. माणसांचे संसार वाहून गेले. घुशी आणि खेकड्यांनी भराव पोखरला, केबलींसाठी खोदाई झाली, काठ कमकुवत झाला, अशी कारणे पुढे चर्चेत आली. त्यांतील कोणते खरे, हा भाग निराळा. परंतु भराव मुळात केवढा होता, त्यात पुढे कोणी कोठे हात घातला, त्याची शेवटची दुरुस्ती कधी झाली, हे प्रश्न अशा प्रसंगी प्रथम उभे राहतात, आणि त्यांची उत्तरे पाणी ओसरल्यावर चिखलात सापडत नाहीत. ती आधीच लिहिलेली असावी लागतात.

शहरातील अनेक सुशिक्षित घरांत आजोबा-पणजोबा कधीकाळी बांधकाम किंवा पाटबंधारे खात्यात होते. माळ्यावरच्या पेटीत त्यांची एखादी कापडी बांधणीची वही असते. तीत आकड्यांच्या रांगा असतात, कोठे ओढ्याचे नाव, कोठे एखाद्या दगडाची खूण, समासात पावसाची तारीख. घरच्यांना तिचा अर्थ लागत नाही आणि दिवाळीच्या साफसफाईत ती रद्दीवाल्याच्या तराजूत पडते. ती तशी जाऊ देण्यापूर्वी एखाद्या अभियंत्यास किंवा पुराभिलेखागारातील जाणत्या माणसास दाखवावी. त्या रांगांतील एखादा आकडा कदाचित एखाद्या बुजलेल्या मोरीचा पत्ता असेल, आणि त्या मोरीवर आज एखादी शाळा उभी असेल.